चाचणी अर्धवट सोडून आलो, आता पुढे काय?

ताई, नमस्कार.

मी अमेरिकेत सात वर्षांपासून अठरा चाकी ट्रक चालवतो. क्लास ए सीडीएल, म्हणजे जड ट्रकचा व्यावसायिक परवाना, आहे आणि आजवर एकही अपघात नाही. पाठीच्या दुखण्याने मात्र वर्षभर हैराण आहे. महिन्यापूर्वी एका शनिवारी रात्री दुखणे असह्य झाले, तेव्हा मेहुण्याने दाताच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या दोन गोळ्या दिल्या आणि मी त्या घेतल्या. सोमवारी सकाळी डिस्पॅचरचा फोन आला, की रँडम ड्रग टेस्टमध्ये तुमचे नाव निघाले आहे, लगेच जा. मी गेलो. पहिल्या वेळी लघवी पुरेशी झाली नाही. 'पाणी पीत बसा, तीन तास आहेत,' असे तिथल्या माणसाने सांगितले. मला दुपारी दोनपर्यंत लोड पोचवायचा होता आणि खरे सांगायचे तर गोळ्यांची धास्तीही होती. दीड तासाने मी उठून निघून आलो. त्याने मला जा म्हटले नाही, पण अडवलेही नाही. त्याच दिवशी कंपनीने कळवले, की हा चाचणीला दिलेला नकार आहे. आधी गाडीवरून उतरवले, क्लिअरिंगहाऊसमध्ये नोंद केली आणि आठवड्याभरात कामावरूनही काढले.

पत्नी म्हणते, दुसऱ्या राज्यात एखादी लहान कंपनी बघा आणि तिथे काही बोलू नका. मित्र म्हणतात, वकील करा. मी नशेत नव्हतो, गाडीवर तर कधीच नसतो. मग मला गुन्हेगारासारखे का वागवतात? आणखी दोन शंका. रविवारी संध्याकाळी मी बिअर घेतो आणि सोमवारी पहाटे चारला निघतो, ते चालते का? आमच्या राज्यात गांजा कायदेशीर आहे, तर पाठीसाठी गांजाच्या झाडापासून काढलेले सीबीडी तेल घेतले तर काही बिघडेल का?

कृपया नाव छापू नये.

— एक चालक

नमस्कार.

नाव छापलेले नाही, आणि ओळख पटेल असा तपशीलही गाळला आहे. मी एका मालवाहतूक कंपनीच्या सुरक्षा विभागात बरीच वर्षे काम केले. चालकाला चाचणीला पाठवणारा फोन ज्या टेबलावरून जातो, त्या टेबलावर मी बसत होते. त्यामुळे तुमचे पत्र वाचताना त्या सोमवारची सकाळ मला दोन्ही बाजूंनी दिसली.

पत्नीचा सल्ला काळजीपोटी आलेला आहे, परंतु तो आजच्या व्यवस्थेत चालणारच नाही, म्हणून त्याचे उत्तर सर्वांत आधी देते. क्लिअरिंगहाऊस हे चालकांच्या नशेच्या चाचण्यांतील नियमभंगांचे फेडरल, म्हणजे केंद्र, सरकारचे ऑनलाइन नोंदणीपुस्तक ६ जानेवारी २०२० पासून सुरू आहे, आणि सीडीएल लागणारी गाडी ज्याच्या हाती द्यायची त्या प्रत्येक चालकाची नोंद तिथे पाहिल्याशिवाय कोणतीही कंपनी, मग ती दोन ट्रकची का असेना, त्याला कामावर घेऊ शकत नाही. ही संपूर्ण नोंद पाहायला चालकाची संमती लागते. तुम्ही संमती दिली तर नकार दिसेल, आणि दिली नाही तर नियमानुसार तुम्हाला गाडी देता येणार नाही. कामावर असलेल्या चालकांचीही वर्षातून एकदा पडताळणी करावी लागते. राज्य बदलून काही उपयोग नाही, कारण हे पुस्तक राज्याचे नाही. शिवाय १८ नोव्हेंबर २०२४ पासून राज्यांच्या परवाना विभागांनाही त्यात पाहावे लागते, आणि ज्याच्या नावापुढे 'प्रतिबंधित' असा शेरा आहे त्याचा व्यावसायिक परवाना कळवल्यापासून ६० दिवसांच्या आत काढून घेऊन साधा करावा लागतो. तुमच्या घटनेला महिना होत आला आहे. म्हणजे राज्याचे पत्र वाटेत असेल किंवा घरी येऊन पडले असेल, तेव्हा टपाल उघडून पाहा. नंतर कुठे तरी पोलिसांनी वजनकाट्यावर थांबवल्यावर परवाना गेल्याचे कळणे फार वाईट.

आता त्या सकाळकडे वळते. नमुना घेण्याची खोली तुम्ही पाहिली आहे, तरी तिथे काय चालते हे सांगते, कारण तेवढ्यातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. खिसे रिकामे करायला लावतात, शौचकूपाच्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो, नळ बंद केलेला असतो. कप हातात आल्यावर चार मिनिटांच्या आत त्याचे तापमान पाहतात; ते ९० ते १०० अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असावे लागते. कमीत कमी ४५ मिलिलिटर लघवी लागते, ती तुमच्या देखत दोन बाटल्यांत ओततात, एकीत ३० आणि दुसरीत १५, आणि दोन्हींच्या सीलवर तुमची आद्याक्षरे घेतात. दुसरी बाटली तुमच्यासाठी असते. पहिलीचा निकाल सकारात्मक आला आणि तो तुम्हाला मान्य नसला, तर कळल्यापासून ७२ तासांत दुसऱ्या प्रयोगशाळेत ती तपासण्याची मागणी तुम्ही करू शकता. ही सगळी व्यवस्था संशयाने भरलेली आहे हे खरे, पण तिच्यात चालकाच्या बाजूने केलेल्या तरतुदीही आहेत, आणि तुम्ही नेमक्या त्याच सोडून आलात.

लघवी पुरेशी न होणे हा दोष मानत नाहीत. अशा वेळी तीन तासांपर्यंत थांबू देतात आणि त्या अवधीत ४० औंसांपर्यंत, म्हणजे साधारण १.२ लिटर, पाणी किंवा पेय घेण्यास सांगतात. पाणी प्यायला कुणी नाही म्हटले तरी तो नकार धरत नाहीत. तीन तासांनंतरही झाली नाही, तरी लगेच नकार ठरत नाही: पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडून तपासणी होते, आणि खरेच वैद्यकीय कारण निघाले तर ती चाचणी रद्द धरली जाते. पण प्रक्रिया पूर्ण होण्याआधी निघून जाणे हा सरळ नकार आहे. 'लोड होता' हे कारण त्यात बसत नाही, आणि 'अडवले नाही' हेही बसत नाही. नमुना घेणाऱ्याला तुम्हाला अडवण्याचा अधिकारच नसतो, त्याने फॉर्मवर शेरा लिहायचा आणि कंपनीला कळवायचे, एवढेच त्याचे काम.

आमच्याकडे एक चालक होता, वयाने पन्नाशीपुढचा, तो असाच अडकला. पहिल्या वेळी झाली नाही म्हणून बसला, आणि दर पंधरा मिनिटांनी मला फोन करून म्हणायचा, 'मॅडम, लोड उशिरा जाणार.' मी प्रत्येक वेळी एकच सांगितले, की लोडचे मी बघते, तुम्ही खुर्ची सोडू नका. दोन तास पन्नास मिनिटांनी त्याचा नमुना झाला. माल चार तास उशिरा पोचला, ग्राहकाने आरडाओरडा केला, आणि ती गोष्ट तिथेच मिटली. तुमच्या डिस्पॅचरने हे शब्द तुम्हाला सांगायला हवे होते, असे मला वाटते. पण नियमाच्या लेखी त्याची जबाबदारी नाही.

गोळ्यांचे काय झाले असते, हा प्रश्न तुमच्या पत्रात न विचारता आलेला आहे. ऑक्सिकोडोन १ जानेवारी २०१८ पासून या चाचणीच्या यादीत आहे. गांजा, कोकेन, ॲम्फेटामाइन, पीसीपी आणि अफूजन्य व तत्सम औषधे असे पाच गट तपासले जातात, त्यांतल्या शेवटच्या गटात ते येते. शनिवारी रात्री घेतलेल्या दोन गोळ्या सोमवारी सकाळी मर्यादेच्या वर दिसल्या असत्या किंवा नसत्याही; दोन्ही शक्य होते. दिसल्या असत्या, तर आधी मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर, म्हणजे निकाल पडताळणारे डॉक्टर, तुम्हाला फोन करून विचारते, की हे औषध तुम्हाला कुणी लिहून दिले आहे का. मेहुण्याची चिठ्ठी तिथे चालत नाही. म्हणजे वाईटात वाईट झाले असते तर तुमची चाचणी सकारात्मक ठरली असती. आणि फेडरल नियमांत सकारात्मक चाचणी व नकार यांचा परिणाम एकच आहे: तत्काळ गाडीवरून उतरणे आणि पुढचा तोच मार्ग. म्हणजे निघून येऊन तुम्ही काहीच वाचवले नाही. उलट नमुना नकारात्मक येण्याची जी शक्यता होती, तीही घालवलीत. त्यात भर म्हणजे पुष्कळ कंपन्या नकाराकडे सकारात्मक निकालापेक्षा अधिक वाकड्या नजरेने पाहतात.

वकिलाविषयी. चाचणीला नकार झाला की नाही, हे तुमच्यासारख्या प्रकरणात कंपनी ठरवते आणि तिनेच ती नोंद केली आहे. क्लिअरिंगहाऊसमध्ये दुरुस्तीचा अर्ज करता येतो, परंतु तो नोंदवलेल्या माहितीतल्या चुकीपुरता, जसे की तारीख चुकली, माणूस चुकला, नियमाप्रमाणे नोंदच करायला नको होती. नकार योग्य होता की अयोग्य, हा वाद तिथे ऐकला जात नाही. म्हणून आधी आपल्या खात्यात लॉगिन करून नोंद अक्षर न् अक्षर वाचा, आणि चाचणीच्या फॉर्मची प्रत कंपनीकडे लेखी मागा. त्यावरचा शेरा, वेळ आणि तुमची आठवण जुळत नसेल, म्हणजे समजा 'जायला हरकत नाही' असे तुम्हाला खरोखर सांगण्यात आले होते, तर वकिलाचा एक तास विकत घेण्यात अर्थ आहे. तुमच्याच पत्राप्रमाणे मात्र तसे काही झालेले नाही. अशा वेळी वकिलावर जाणारा पैसा पुढच्या कामासाठी राखून ठेवा, असे माझे मत आहे.

ते पुढचे काम म्हणजे सबस्टन्स अब्यूज प्रोफेशनल, म्हणजे नियमभंगानंतर चालकाचे मूल्यमापन करणारे व्यसनविषयक तज्ज्ञ, ज्यांना सगळे सॅप म्हणतात. तुम्हाला काढून टाकले असले तरी सॅपची नावे, पत्ते आणि फोन नंबर असलेली यादी तुम्हाला विनामूल्य देणे कंपनीवर बंधनकारक आहे. मिळाली नसेल तर मागा. एक सॅप निवडायचा, क्लिअरिंगहाऊसमध्ये त्याला नेमायचे, आणि त्याच्यासमोर बसून खरे सांगायचे. तुम्हाला वाटेल, मला व्यसन नाही, दोन गोळ्यांवरून काय विचारणार? सॅप तुम्हाला तसेच परत पाठवू शकत नाही; किमान शिक्षणवर्ग किंवा उपचार यांपैकी काहीतरी सुचवणे त्याला भागच आहे. एकाने सांगितलेले जड वाटले म्हणून दुसऱ्याकडे जाऊन नवे मूल्यमापन मागण्याची मुभा नाही, तेव्हा निवडताना दोघा-तिघांशी आधी फोनवर बोला, फी विचारा, तारखा विचारा. सॅपचा, वर्गाचा आणि चाचणीचा खर्च कंपनीने द्यावा असा नियम नाही, बहुधा तो तुमच्याच खिशातून जाईल. सुचवलेले पूर्ण झाले, की तोच सॅप पुन्हा भेटतो, तुम्ही ते मनापासून केले का हे पाहतो आणि तसा अहवाल देतो. त्यानंतरच तुम्ही कामावर परतण्याच्या चाचणीला पात्र ठरता.

ही चाचणी तुम्ही स्वतःहून जाऊन देऊ शकत नाही. ती करायला एखादा मालक लागतो, आणि तो जुनाच असला पाहिजे असे नाही. इथे पत्नीच्या सल्ल्यातला एक भाग उपयोगी पडतो. लहान कंपनी शोधाच, पण गप्प राहून शोधू नका. 'माझी नोंद आहे, सॅपचे काम पूर्ण झाले आहे, परतीची चाचणी बाकी आहे,' एवढे पहिल्याच फोनवर सांगा. काही जण फोन ठेवतील. जे ठेवणार नाहीत, त्यांच्याशीच बोलण्यात तुमचा वेळ सार्थकी लागेल. कामावर घेतल्यानंतर पहिल्या १२ महिन्यांत किमान ६ अचानक चाचण्या होतात, आणि सॅपला वाटले तर त्या ६० महिन्यांपर्यंत चालू राहतात. नोकरी बदलली तरी हे वेळापत्रक तुमच्यामागे येते. नोंद ५ वर्षे, किंवा हे सगळे पूर्ण होईपर्यंत, यांतले जे उशिरा संपेल तोवर राहते. काही चालक विचारतात, की पाच वर्षे स्वस्थ बसलो तर आपोआप पुसले जाईल का? नाही. ही प्रक्रिया सुरूच केली नाही, तर 'प्रतिबंधित' हा शेरा आयुष्यभर तसाच राहतो.

मधल्या काळात घर चालवायचे आहे, हे मला समजते. बंदी आहे ती सीडीएल लागणाऱ्या गाड्यांवर. गोदामात, डॉकवर, डिस्पॅचच्या टेबलावर किंवा सीडीएल न लागणारी लहान गाडी चालवण्याचे काम या नियमाने अडत नाही. परतीची चाचणी नकारात्मक आली, की क्लिअरिंगहाऊसमधला शेरा बदलतो आणि राज्याकडून व्यावसायिक परवाना परत मिळवता येतो. त्याची पद्धत आणि शुल्क राज्याराज्यांत निराळे आहे, तेव्हा परवाना विभागाला आधीच विचारून ठेवा.

'मी नशेत नव्हतो, मग गुन्हेगारासारखे का वागवतात,' हे वाक्य मी त्या टेबलावर अनेकदा ऐकले आहे, आणि ते बहुतेक वेळा खरे असते. लघवीची चाचणी तुम्ही त्या क्षणी नशेत होता का, हे सांगतच नाही. शरीराने ते द्रव्य पचवल्याच्या खुणा उरल्या आहेत का, एवढेच ती सांगते. हा तिचा दोष आहे असे म्हणता येईल, आणि गांजाच्या बाबतीत तो दोष मोठा आहे, कारण त्याच्या खुणा अनेक दिवस टिकतात. पण हा नियम कशातून आला, हेही लक्षात घ्या. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधील चेस या ठिकाणी मालगाडीची तीन इंजिने सिग्नल ओलांडून एका प्रवासी रेल्वेच्या वाटेत आली आणि १६ जण ठार झाले. इंजिनावरच्या माणसांनी गांजा ओढल्याचे उघड झाले. २८ ऑगस्ट १९९१ रोजी न्यूयॉर्कमधील युनियन स्क्वेअर स्थानकाजवळ भुयारी रेल्वे घसरून ५ प्रवासी गेले. मोटरमन दारू प्यायलेला होता. त्यानंतर दोन महिन्यांत काँग्रेसने वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांचा कायदा केला आणि रेल्वे, विमान, पाइपलाइन, शहरी वाहतूक यांच्याबरोबर तुमचा ट्रकही त्यात आला. अशा कामांत चूक झाल्यावर 'नशेत होता का' हे ठरवायला कुणी उरतेच असे नाही, म्हणून कायद्याने तो प्रश्न मागे सोडून 'शरीरात आहे का' हा विचारायला सोपा प्रश्न घेतला. तुम्हाला हे अन्यायाचे वाटू शकते. मला स्वतःला ते पूर्ण न्याय्य वाटत नाही, पण पर्याय काय असावा हेही सांगता येत नाही.

दारूच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा आहे, कारण तिथे आत्ता शरीरात किती आहे हेच मोजतात. तुमच्या रविवारच्या बिअरचा विचार त्याच हिशेबाने करू. नियम सांगतो, की कामावर येण्याआधीचे चार तास दारू घ्यायची नाही. बहुतेक चालक इथेच थांबतात आणि फसतात. समजा रात्री अकराला तुम्ही शेवटचा ग्लास ठेवला तेव्हा रक्तातील दारूचे प्रमाण ०.१० टक्के होते. शरीर साधारणपणे ताशी ०.०१५ इतकीच दारू बाहेर टाकते. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, झोप यांनी तो वेग वाढत नाही. पहाटे चारपर्यंत पाच तासांत ०.०७५ गेले, ०.०२५ उरले. चार तासांचा नियम तुम्ही पाळलात, तरीही ०.०२ च्या वर आहात, म्हणजे चाचणी झाली तर किमान २४ तास गाडी नाही. ०.०४ किंवा त्याहून अधिक निघाले, तर तो नियमभंग आहे आणि पुन्हा सॅपचीच वाट आहे. साध्या मोटारचालकाला बहुतेक राज्यांत ०.०८ ही मर्यादा आहे. तुमची तिच्या निम्मी. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: स्वतःच्या मोटारीत, सुटीच्या दिवशी, दारू पिऊन चालवल्याबद्दल दोषी ठरलात, तरी सीडीएल एक वर्षासाठी जाते, आणि दुसऱ्यांदा तसे झाले तर आयुष्यभरासाठी. तेव्हा सोमवारी पहाटे निघायचे असेल तर रविवारी संध्याकाळी एखादा ग्लास, तोही लवकर, आणि त्यापुढे नाही. सगळ्यांत सोपे म्हणजे बिअर शुक्रवारवर ढकला.

सीबीडी तेलाचे उत्तर थोडक्यात देते: घेऊ नका. तुमचे राज्य गांजाविषयी काय म्हणते, याचा फेडरल चाचणीशी संबंध नाही. डॉक्टरांनी राज्याच्या कायद्याप्रमाणे गांजा सुचवला असला तरी निकाल पडताळणारे डॉक्टर ते कारण मान्य करू शकत नाहीत. सीबीडी स्वतः चाचणीत शोधले जात नाही हे खरे, पण बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा आत टीएचसी, म्हणजे गांजातले नशा आणणारे द्रव्य, अधिक निघू शकते, आणि ते चाचणीत दिसले तर 'मी सीबीडी घेतले होते' ही सबब चालत नाही, असे परिवहन खात्याने फेब्रुवारी २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. क्लिअरिंगहाऊसमध्ये सर्वाधिक नोंदी गांजाच्याच आहेत. हे तेल घेणाऱ्या एखाद्या मित्राच्या चाचणीत काही निघाले नाही, म्हणून त्याच्या बाटलीवर तुमची नोकरी लावू नका. याच ओघात खसखशीबद्दलही पत्रे येतात, म्हणून लिहिते. खसखशीमुळे मॉर्फिन आणि कोडीन दिसू शकते. त्यासाठीच प्राथमिक मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली गेली. ऑक्सिकोडोन खसखशीतून येत नाही, तेव्हा तुमच्या प्रकरणात ती सबब कुणी सुचवली असेल तर विसरा.

पाठीचे दुखणे राहिलेच, आणि खरे तर सगळे तिथून सुरू झाले. नियम असा आहे, की औषध तुम्हाला स्वतःला लिहून दिलेले असावे, लिहून देणारे डॉक्टर तुमचा वैद्यकीय इतिहास जाणणारे असावेत, आणि या औषधाने तुमच्या ट्रक चालवण्याला बाधा येणार नाही असे त्यांनी तुम्हाला सांगितलेले असावे. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'पाठ दुखते' इतकेच सांगून थांबू नका. किती टनांची गाडी, किती तास, रात्रीची की दिवसाची, हे सांगा आणि त्यांचे म्हणणे कागदावर घ्या. परदेशातून कुणी आणलेली खोकल्याची किंवा दुखण्याची औषधे तर चिठ्ठीशिवाय तोंडात टाकूच नका. त्यांतल्या कशात कोडीन आहे, हे बाटली पाहून चटकन कळत नाही. आणि वाचकांपैकी कुणाला खरोखर गोळ्यांची किंवा दारूची सवय जडली असेल, तर एक वाट आहे जी तुमच्या हातून निसटली: कंपनीचे स्वेच्छेने सांगण्याचे धोरण असेल, तर चाचणीला बोलावण्याआधी, गाडीवर चढण्याआधी, स्वतःहून सांगणाऱ्याला उपचाराची संधी मिळते आणि तो नियमभंग धरला जात नाही. नाव निघाल्यावर सांगून मात्र उपयोग नाही.

शेवटी, तुम्ही पुन्हा त्या खोलीत जाल तेव्हाचे. कामावर परतण्याची चाचणी आणि नंतरच्या सगळ्या अचानक चाचण्या प्रत्यक्ष देखरेखीखाली होतात. तुमच्याच लिंगाची व्यक्ती आत सोबत असते. आधी सदरा कमरेच्या वर उचलून आणि कपडे मांडीच्या मध्यापर्यंत खाली करून तुम्हाला गोल फिरायला सांगतात, आणि मग ती व्यक्ती नमुना घेताना समोर पाहत राहते. हे कुणालाही लाजिरवाणे वाटते, आणि ज्याला आधीच एकदा लघवी झाली नाही त्याला तर हमखास अडचण येते. हे मी आधीच सांगते आहे, कारण दारात कळले तर पुन्हा उठून जावेसे वाटेल, आणि दुसरा नकार म्हणजे सगळे पहिल्यापासून. त्या दिवशी कोणताही लोड घेऊ नका, घरी सांगून ठेवा की दुपारपर्यंत फोन लागणार नाही, आणि सकाळची पहिली लघवी घरी न करता जा. तरीही झाली नाही, तर तीन तास तिथेच बसा आणि पाणी एकदम न ढोसता थोडे थोडे घ्या.